एका गोळीचा जमाखर्च

वसंतातील व्याख्यानांचे दिवस आणि आंब्याचे दिवस आपल्याकडे एकदमच येतात. अशा दिवसांत मधुमेहावर बोलावयास उभे राहणे म्हणजे पंगतीला बसलेल्या माणसाच्या पानावरची आमरसाची वाटी उचलून नेण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. तेव्हा प्रथमच अभय देऊन ठेवतो की, आंबा किती खावा याविषयी आज मी एक अक्षरही बोलणार नाही. आजचा विषय आकाराने त्याहून पुष्कळ लहान आहे. बोटाच्या नखाएवढी एक गोळी, एवढाच तो आहे. तिचे नाव पायोग्लिटाझोन.

हे नाव आपल्यापैकी अनेकांनी कधीच ऐकले नसेल. तरीही येथे बसलेल्यांपैकी काहींनी आज सकाळी न्याहारीबरोबर ती घेतलेली असणे अगदी शक्य आहे. या विसंगतीसाठीच मी हा विषय निवडला. आपल्या देशात मधुमेही माणसांची संख्या दहा कोटींच्या वर गेली आहे, असा २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीचा निष्कर्ष आहे. इतकी माणसे जो रोग घेऊन जगतात, त्याच्या औषधांचे गुण आणि अवगुण हा केवळ वैद्यकांच्या बैठकीतील विषय राहत नाही, तो घराघरातला विषय होतो.

औषधाकडे पाहण्याच्या आपल्या दोन तऱ्हा आहेत. एक श्रद्धेची. डॉक्टरांनी लिहून दिले ना, मग त्यात काय आहे हे विचारावयाचे कशाला, ही ती तऱ्हा. दुसरी भीतीची. कोणीतरी सांगितले, कोठेतरी वाचले की अमुक गोळीने तमुक होते, की लगेच गोळी बंद. या दोन्ही तऱ्हांनी माणसांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. या दोहोंच्या मध्ये तिसरी एक वाट आहे. ती जमाखर्ताच्या वहीची वाट होय. औषधाने काय जमा होते आणि काय खर्ची पडते, हे दोन्ही रकाने समोर मांडावयाचे आणि मग ठरवावयाचे. आज आपण या एका गोळीची वही उघडून पाहू.

प्रथम एक मूलभूत गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. औषधाचा ‘परिणाम’ आणि ‘दुष्परिणाम’ या निसर्गाने केलेल्या दोन वेगळ्या जाती नव्हेत. आपल्याला हवे ते घडले की आपण त्याला परिणाम म्हणतो, नको ते घडले की दुष्परिणाम. याचे नामी उदाहरण मधुमेहाच्याच इतिहासात आहे. १९४२ साली फ्रान्समधील माँपेलिए या गावी जान्बाँ नावाचे डॉक्टर विषमज्वराच्या रोग्यांना सल्फा जातीचे एक नवे औषध देऊन पाहत होते. त्यांतील काही रोग्यांना दरदरून घाम सुटू लागला, झटके येऊ लागले, काही दगावले. शोध घेता असे दिसले की, या औषधाने त्यांच्या रक्तातील साखर घसरत होती. विषमज्वराच्या दृष्टीने हा भयंकर दुष्परिणाम. परंतु त्याच गावातील लुबातिएर या संशोधकाने त्याचे मर्म ओळखले, आणि मधुमेहावरील तोंडाने घ्यावयाच्या गोळ्यांचे एक मोठे घराणे त्यातून जन्माला आले. एकाचा अपघात तो दुसऱ्याचा उपचार झाला. म्हणून कोणत्याही औषधाचा दुष्परिणाम समजून घ्यावयाचा असेल, तर ते औषध मुळात काम कसे करते हे आधी समजून घेतले पाहिजे. पुष्कळदा दोघांचे मूळ एकच निघते.

आता आपल्या गोळीचे काम पाहू. प्रौढ वयात येणाऱ्या मधुमेहात बहुधा इन्सुलिन अजिबात नसते असे नाही. ते असते, परंतु शरीर त्याला जुमानत नाही. या न जुमानण्याचे एक मोठे कारण म्हणजे चुकीच्या जागी साठलेली चरबी. जुन्या वाड्याचे चित्र डोळ्यांसमोर आणा. धान्य ठेवावयाच्या कणग्या भरून गेल्या, तरी गाड्या येतच आहेत. मग पोती माजघरात येतात, स्वयंपाकघरात येतात, जिन्यात येतात. घरात धान्य मुबलक आहे, पण चुलीपाशी जावयास वाट नाही. शरीरात कणग्या म्हणजे कातडीखालच्या चरबीच्या पेशी, आणि स्वयंपाकघर-माजघर म्हणजे यकृत आणि स्नायू. यकृतात आणि स्नायूंत चरबी साठली की तेथे इन्सुलिनचा हुकूम चालत नाही, आणि साखर रक्तातच फिरत राहते.

पायोग्लिटाझोन ही गोळी चरबीच्या पेशींच्या केंद्रात जाऊन तेथील एक कळ दाबते. त्याबरोबर नव्या कणग्या तयार होऊ लागतात, आणि यकृतातील नि स्नायूंतील पोती तिकडे वाहून नेली जातात. स्वयंपाकघर मोकळे होते, इन्सुलिनचे पुन्हा ऐकले जाऊ लागते. हे काम सावकाशीचे आहे, पूर्ण गुण यावयास दोन-तीन महिने लागतात. स्वादुपिंडाला चाबूक मारून जादा इन्सुलिन ओकावयास ही गोळी लावीत नाही, म्हणून एकटी घेतली असता साखर एकाएकी घसरून माणूस घामाघूम होण्याचा धोका फारसा नसतो. ही कल्पना खरोखरच सुंदर आहे. परंतु शरीरातील ती कळ फक्त चरबीच्या पेशींत नाही. ती मूत्रपिंडात आहे, हाडांच्या मगजात आहे, इतरत्रही आहे. आणि गोळी तर साऱ्या शरीरात फिरते. आपल्या खर्चाच्या रकान्याची सुरुवात येथे होते.

खर्चाकडे वळण्यापूर्वी या गोळीच्या भावंडांची हकीकत सांगितली पाहिजे, कारण घराण्याचा इतिहास वाचल्याखेरीज माणूस नीट कळत नाही. थोरले भावंड ट्रोग्लिटाझोन. ते १९९७ साली अमेरिकेत बाजारात आले. त्याने काही रोग्यांचे यकृत इतके बिघडविले की काहींचा त्यात अंत झाला. इंग्लंडने त्याच वर्षअखेर ते मागे घेतले, अमेरिकेत मात्र मार्च २००० पर्यंत ते विकले जात होते. मधले रोझिग्लिटाझोन. ते १९९९ साली आले आणि भराभर पसरले. २००७ साली निसेन आणि वोल्स्की या अमेरिकन अभ्यासकांनी ४२ चाचण्यांचे आकडे एकत्र करून दाखविले की, या गोळीने हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण सुमारे ४३ टक्क्यांनी वाढलेले दिसते. मोठा गदारोळ झाला. २०१० साली युरोपने ते थांबविले, त्याच वर्षी भारतानेही त्यावर बंदी घातली. पुढे २०१३ साली एका मोठ्या चाचणीची फेरतपासणी झाल्यावर अमेरिकेने आपले निर्बंध सैल केले, पण तोवर त्या औषधाची पत गेली होती. तिसरे भावंड आपले पायोग्लिटाझोन. जपानमधील टाकेडा या कंपनीचे हे औषध अमेरिकेत १९९९ साली मंजूर झाले. यकृताच्या परीक्षेतून ते सुटले, हृदयविकाराच्या झटक्याच्या परीक्षेतूनही सुटले. पण म्हणून ते निर्दोष ठरले असे नव्हे.

खर्चाची पहिली बाब पाण्याची. मूत्रपिंडातील ती कळ दाबली गेली की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवू लागते. घोट्यावर सूज येते, बोट दाबले तर खळगा पडतो, चपलेचा पट्टा रुतू लागतो, स्त्रियांची जोडवी घट्ट होतात. गोळी एकटी घेणाऱ्यांत ही सूज १०० पैकी सुमारे ५ जणांत आढळते, आणि इन्सुलिनच्या इंजेक्शनांबरोबर ती घेतली तर सुमारे १५ जणांत. हृदय धडधाकट असेल तर हे जादा पाणी ते ओढून नेते. परंतु मधुमेही माणसाचे हृदय पुष्कळदा आतून आधीच थकलेले असते, आणि त्याला स्वतःला ते ठाऊक नसते. थकलेल्या बैलाच्या मोटेत आणखी चार घागरी पाणी घातल्यावर जे होते तेच येथे होते. पाणी फुप्फुसांत तुंबते, धाप लागते, उताणे निजवत नाही, उशाला दुसरी उशी घ्यावी लागते, मध्यरात्री गुदमरल्यासारखे होऊन माणूस उठून बसतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील मोठ्या चाचणीत ५,२३८ रोगी होते. सुमारे तीन वर्षांत हृदय दुर्बल झाल्यामुळे रुग्णालयात दाखल करावे लागलेले रोगी ही गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी ६ होते, न घेणाऱ्यांत ४. मात्र हृदयदौर्बल्याने झालेले मृत्यू दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. २००७ पासून अमेरिकेत या गोळीच्या माहितीपत्रकावर हृदयदौर्बल्याचा इशारा चौकटीत छापला जातो. ज्याचे हृदय आधीच दुर्बल आहे, त्याला ही गोळी सुरू करू नये.

दुसरी बाब वजनाची. नव्या कणग्या बांधल्या तर त्यांना जागा लागणारच. त्याच युरोपीय चाचणीत ही गोळी घेणाऱ्यांचे वजन सरासरी साडेतीन किलोंहून थोडे अधिक वाढले. येथे एक व्यवहारोपयोगी खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. महिनोन्‌महिने हळूहळू वाढणारे वजन हे बहुधा चरबीचे असते. चार-पाच दिवसांत दोन किलो वाढले, तर ते पाणी समजावे, आणि डॉक्टरांना गाठावे.

तिसरी बाब हाडांची. हाडांच्या मगजात काही मूळपेशी असतात. त्यांतून हाड बांधणारा गवंडीही तयार होऊ शकतो आणि चरबीची पेशीही. ही गोळी पारडे चरबीकडे झुकविते, त्यामुळे गवंडी कमी पडतात. २००७ साली कंपनीने स्वतःच आपल्या चाचण्यांतील आकडे डॉक्टरांना कळविले. गोळी घेणाऱ्या १०० स्त्रियांत वर्षाला १.९ अस्थिभंग, इतर औषधे घेणाऱ्यांत १.१. हात, मनगट, पाऊल, घोटा अशी ही हाडे. आपल्याकडे पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे तशीच ठिसूळ झालेली असतात. अशा बाईंचे न्हाणीघरात घसरून मनगट मोडले, तर दोष ओल्या फरशीला दिला जातो. गोळीची आठवण कोणालाच होत नाही.

चौथी बाब सर्वांत अधिक गाजलेली आणि सर्वांत अधिक वादाची. ती मूत्राशयाच्या कर्करोगाची. औषध माणसांना देण्यापूर्वी उंदरांवर प्रयोग झाले, तेव्हा नर उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या होत्या. म्हणूनच अमेरिकेत दहा वर्षे चालणारा एक दीर्घ अभ्यास सुरू करण्यात आला. दरम्यान फ्रान्सने आपल्या सुमारे १५ लाख मधुमेही नागरिकांच्या नोंदी तपासल्या. त्यांत धोका सुमारे २२ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि जून २०११ मध्ये फ्रान्सने ही गोळी थांबविली. जर्मनीने नव्या रोग्यांना ती देऊ नये असे सांगितले. युरोपीय संघाच्या औषध यंत्रणेने मात्र पुढच्याच महिन्यात निवड करून, इशाऱ्यांसह ती चालू ठेवावी असा निर्णय दिला. अमेरिकेचा दहा वर्षांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ लाख ९३ हजार माणसे होती, आणि धोक्यातील वाढ इतकी किंचित निघाली की ती योगायोगाचीही असू शकेल. वाद मिटला असे वाटते न वाटते तोच २०१६ साली इंग्लंडमधील १ लाख ४५ हजारांवर माणसांच्या नोंदींचा अभ्यास आला, आणि त्याने धोका ६३ टक्क्यांनी वाढतो असे सांगितले.

सामान्य माणसाने यातून काय घ्यावे? ‘६३ टक्के’ हा शब्द ऐकताच छातीत धस्स होते. पण टक्केवारी ही अशी वस्तू आहे की ‘कशाचे टक्के’ हे विचारल्यावाचून तिला घरात घेऊ नये. इंग्लंडच्या त्याच अभ्यासातील आकडे असे आहेत. ही गोळी न घेणाऱ्या १ लाख मधुमेही माणसांत वर्षाकाठी सुमारे ८९ जणांना हा रोग झाला, आणि घेणाऱ्या १ लाखात १२१ जणांना. म्हणजे लाखामागे ३२ अधिक. अमेरिकेच्या अभ्यासात तेच आकडे ७६ आणि ९० होते, म्हणजे लाखामागे १४ अधिक. (टक्केवारी या कच्च्या आकड्यांतून सरळ निघत नाही, कारण वय, व्यसने इत्यादी फरक वजा करून ती काढलेली असते.) ज्या घरातील माणूस त्या ३२ मध्ये सापडतो, त्या घराला हा आकडा लहान नसतो, हे मी विसरत नाही. तरीही धोका कोणत्या मापाचा आहे हे कळल्याशिवाय विचार करता येत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे ज्ञात कारण धूम्रपान हे आहे. या गोळीच्या भयाने झोप उडालेला गृहस्थ जर ती काळजी विडी ओढत ओढत करीत असेल, तर त्याच्या हिशेबात मोठी चूक आहे. ज्याला हा कर्करोग झालेला आहे किंवा पूर्वी होऊन गेला आहे, आणि ज्याच्या लघवीतून रक्त जाते पण कारण शोधलेले नाही, त्याला मात्र ही गोळी देऊ नये, याबद्दल दुमत नाही.

पाचवी बाब दृष्टीची. पाणी धरून ठेवण्याचा जो गुण घोट्यावर दिसतो, तो क्वचित डोळ्याच्या पडद्यावरही दिसतो. पडद्याच्या मध्यभागी सूज येऊन दृष्टी अंधुक होते. मधुमेहाने डोळे आधीच बिघडलेल्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

इतका खर्च ऐकल्यावर कोणी म्हणेल, मग ही गोळी हवीच कशाला? येथे जमेचा रकाना वाचला पाहिजे. २०१६ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत ३,८७६ माणसे होती. त्यांना मधुमेह नव्हता, पण इन्सुलिनला न जुमानण्याची प्रवृत्ती होती, आणि पक्षाघाताचा झटका किंवा त्याची पूर्वसूचना एकदा येऊन गेली होती. जवळजवळ पाच वर्षांत पुन्हा पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आला, असे गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी ९ निघाले, न घेणाऱ्यांत १२ च्या जरा आत. म्हणजे १०० मागे सुमारे तीन माणसे एका मोठ्या संकटातून वाचली. आणि त्याच चाचणीत रुग्णालयात दाखल करण्याजोगा किंवा शस्त्रक्रियेजोगा अस्थिभंग गोळी घेणाऱ्यांत १०० पैकी ५.१ जणांना झाला, न घेणाऱ्यांत ३.२ जणांना. म्हणजे १०० मागे सुमारे दोन हाडे अधिक मोडली. जमा तीन, खर्च दोन. पक्षाघाताचे किंवा हृदयविकाराचे तीन झटके टळण्याच्या बदल्यात दोन मोडलेली हाडे हा सौदा कोणी आनंदाने पत्करील. पण ज्या बाईला पक्षाघाताचे भय थोडे आणि जिची हाडे आधीच ठिसूळ, तिच्या वहीत हीच बेरीज उलटी येते. शिवाय यकृतात चरबी साठून आलेल्या सुजेवर या गोळीचा गुण येतो, इतर पुष्कळ नव्या औषधांच्या मानाने ती स्वस्त आहे, आणि भारतात लहान मात्रेतही ती दिली जाते. आपल्याकडील पुष्कळ डॉक्टर ती टाकून द्यावयास तयार नाहीत, त्याची कारणे ही आहेत.

आपल्या देशात या साऱ्याचा कळस २०१३ च्या पावसाळ्याच्या तोंडी झाला. १८ जून २०१३ रोजी केंद्र सरकारने १९४० च्या औषधविषयक कायद्याखाली या औषधाचे उत्पादन आणि विक्री थांबविली. लाखो रोगी ते घेत होते. त्यांना एका सकाळी कळले की, आपण जे वर्षानुवर्षे गिळत आलो ते कर्करोगाच्या संशयावरून बंद झाले आहे. अनेक डॉक्टरांनी या निर्णयाला विरोध केला. भारतीय रोग्यांविषयीचा पुरावा अपुरा आहे, आणि स्वस्त औषध काढून घेतल्याने गरिबाचे नुकसान होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ३१ जुलै रोजी, म्हणजे सहा आठवड्यांनी, सरकारने बंदी उठविली आणि अटी घातल्या. मधुमेहावरील पहिले औषध म्हणून याचा वापर करू नये, अशी सूचना ठळकपणे छापावी, आणि मूत्राशयाच्या कर्करोगाबाबतचा इशारा द्यावा, अशा त्या अटी होत्या.

बंदी चूक की बंदी उठविणे चूक, या वादात मी आज शिरत नाही. माझे लक्ष दुसरीकडे आहे. इशारा छापला गेला, पण तो वाचला कोणी? माहितीपत्रक असलेच तर इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढे, आणि दुकानदार दहा गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून पाच देतो, तेव्हा ते पत्रकही दुकानातच राहते. अमेरिकेत हजारो रोग्यांनी कंपनीवर धोका लपविल्याचे दावे लावले, आणि २०१५ साली कंपनीने, दोष मान्य न करता, सुमारे २४० कोटी डॉलरांत ते मिटविण्याचे ठरविले. आपल्याकडील रोग्याची अडचण याच्याही अलीकडची आहे. आपण ते औषध घेत आहोत, हेच त्याला पुष्कळदा ठाऊक नसते.

याचे कारण संयुक्त गोळ्या. आपल्या बाजारात एकाच गोळीत तीन औषधे असणे ही नित्याची गोष्ट आहे. मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि तिसरे हे पायोग्लिटाझोन. गोळी एक, नाव एक, पण आत तीन निरनिराळ्या स्वभावांची माणसे बसलेली. पोट बिघडले तर ते बहुधा मेटफॉर्मिनचे काम. जेवण चुकल्यावर हातपाय कापले, घाम सुटला, तर ते ग्लिमेपिराइडचे. घोटे सुजले, धाप लागली, तर संशय पायोग्लिटाझोनवर. रोग्याला आत कोण बसले आहे हे ठाऊक नसले, तर तो कोणाविरुद्ध तक्रार करणार? पायाला सूज आली की म्हणतो, काल लग्नात फार उभे राहणे झाले. धाप लागली की म्हणतो, वय झाले. काही वेळा ते खरेही असते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही पाय सुजतात. परंतु निवाडा करण्यासाठी डॉक्टरांपुढे सारे साक्षीदार हजर पाहिजेत. व्यापारी नावाच्या शेवटी जोडलेल्या अक्षरांवरूनही अंदाज बांधू नये. एका कंपनीचे ‘पी’ म्हणजे हे औषध असते, तर दुसरीचे ‘पी’ निराळ्याच कशासाठी असते. पट्टीच्या मागे बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव लिहिलेले असते, तेच खरे.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, आपल्या गोळ्यांतील मूळ औषधांची नावे एका कागदावर मराठीत लिहून घ्यावी आणि तो कागद प्रत्येक भेटीत डॉक्टरांपुढे ठेवावा. विशेषतः डोळ्यांचा, हाडांचा, हृदयाचा डॉक्टर निराळा असेल तेव्हा. दुसरी गोष्ट, त्या यादीत पायोग्लिटाझोन असेल, तर डॉक्टरांना चार गोष्टी आपण होऊन सांगाव्या. पूर्वी हृदयाचा त्रास झाला आहे काय, हाड कधी सहज मोडले आहे काय, लघवीतून रक्त गेले आहे काय, आणि तंबाखूचे व्यसन आहे काय. तिसरी गोष्ट, आठवड्यातून एकदा वजन करावे आणि रात्री निजताना घोट्यावर बोट दाबून पाहावे. याला पैसा लागत नाही. चौथी गोष्ट, लघवी लाल दिसली तर दुखत नाही म्हणून स्वस्थ बसू नये. या रोगात रक्त बहुधा न दुखताच जाते. आणि निजल्यावर धाप लागू लागली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

पाचवी गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. आज येथे ऐकले म्हणून उद्या सकाळी गोळी बंद करू नये. मधुमेह हा न दुखता डोळे, मूत्रपिंडे आणि पाय पोखरणारा रोग आहे. औषध सोडले तर साखर काही आठवड्यांत वर चढते, आणि तिचे दुष्परिणाम कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसतात. बदल करावयाचा तर तो डॉक्टरांशी बोलून करावा. आज त्यांच्या हाती इतरही औषधे आहेत. लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी नवी गोळी तर दुर्बल हृदयाला उलट आधार देते. अर्थात त्यांच्याही वह्या आहेत, आणि त्यांतही दोन्ही रकाने आहेत. खर्चाचा रकाना कोरा असलेले औषध अजून कोणी शोधलेले नाही, आणि तसे आहे असे जो सांगतो त्याच्यापासून सावध राहावे हे बरे.

‘डॉक्टरांना कसे विचारावे? त्यांना राग येईल’ अशी शंका मला नेहमी ऐकू येते. सावकाराकडे गेलो तर व्याजाचा दर आपण विचारतो, शिंप्याकडे गेलो तर कापड किती लागेल ते विचारतो. मग जी वस्तू रोज पोटात घालावयाची, तिच्याविषयी विचारण्यात अनादर कसला? चांगल्या डॉक्टराला अशा प्रश्नाने मदतच होते, कारण सूज आणि धाप यांची पहिली खबर रोग्याच्या घरातूनच यावयाची असते.

म्हणून माझी आपणांस एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर आईच्या, आजीच्या, वडिलांच्या किंवा स्वतःच्या औषधांचा डबा उघडा. चष्मा लावा, किंवा घरातील एखाद्या शाळकरी मुलाला जवळ बसवा, आणि प्रत्येक पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचवून घ्या. काय सापडले ते कागदावर लिहा. त्या वहीचे पहिले पान लिहिण्याचे काम डॉक्टर करू शकत नाही, सरकारही करू शकत नाही. ते ज्याच्या पोटात गोळी जाते त्यानेच करावयाचे आहे.